कुंकवात रंगवलेले बारा गजरे

मिरजेत ट्रॅव्हल्सच्या ऑफिससमोर, मुंबईला जाणाऱ्या बसच्या दारात, मी माझ्या आईच्या अंबाड्यात जाईचा गजरा खोचला. ऑगस्ट २००३. माझा नवरा नितीन दोन महिने आधीच अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला पोचला होता, मी एकटीच निघाले होते. निरोप द्यायला दोन काकू आल्या होत्या आणि आमच्या महिला संघटनेतल्या सात-आठ मुली. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत आईनं डोक्यात एक फूल घातलं नव्हतं. आणि मी कोण? ‘विधवेच्या डोक्यातलं फूल कुणी काढलं?’ असं पत्रक लिहून, गुलाबी कागदावर छापून, तालुकाभर वाटलेली मुलगी. माझ्याच घरात हे चालू द्यायचं?

संघटनेतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी तोंडं फिरवली. मला दोन्हींचा सारखाच आनंद झाला.

ड्रायव्हरनं हॉर्न दिल्यावर आईनं गजरा काढला, माझ्या पिशवीच्या बंदाला बांधला आणि फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, “माझ्या डोक्यावर तुझं पत्रक चिकटवू नकोस.”

मग पिशवीत एक स्टीलची डबी सारली. कुंकवाची. मी म्हटलं, “आई, मी लावत नाही, माहितेय ना तुला?”

“लाव कोण म्हणतंय? असू दे.”

पुण्यापर्यंत मी घुश्शात होते. मागे टाळ्या वाजवत राहिलेल्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्याच नवऱ्याच्या व्हिसाला लटकून इथे आलेल्या मैत्रिणींनो, हे तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय, कारण त्या गजऱ्याच्या गोष्टीचा उरलेला भाग तुम्हाला कुणालाच मी सांगितलेला नाही.

इथे आल्यावर कळलं की माझं सरकारी नाव ‘डिपेंडंट’ आहे. तिकडे मोर्चे काढले, पोलीस स्टेशनात फौजदाराशी भांडले, आणि इथे मला नोकरी करायला कायद्यानं बंदी! नितीन सकाळी कार घेऊन ऑफिसला जायचा. मी अपार्टमेंटच्या बाल्कनीत उभी राहून पार्किंग लॉटला भाषण देत असे. मनातल्या मनात, पण देत असे. वरच्या मजल्यावर नागपूरची वैदेही राहायची, तीही डिपेंडंटच. ती म्हणायची, “यार, तू ना आधी ड्रायव्हिंग शीक. क्रांती नंतर कर. इथे चालत क्रांती नाही होत, सगळं लांब लांब आहे.”

खालच्या मजल्यावर लिनबाई राहायच्या. साठीच्या, मूळच्या चीनच्या. मी त्यांना लिनकाकू म्हणायला लागले. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला, आणि त्यांनी तो दर्जा स्वीकारला. चीनहून नुकत्याच आलेल्या मुलांसाठी त्या दर शनिवारी एका कम्युनिटी हॉलमध्ये इंग्रजीचा वर्ग चालवायच्या. त्यांना फुकट शिकवणारी बाई हवी होती. फुकट राबायला कायद्याची हरकत नव्हती. याबद्दलही मला चीड आली, पण मी गेले.

बारा मुलं होती, पाच ते सात वर्षांची. पुस्तक उघडलं की गप्प. मला शिकवायचं प्रशिक्षण नव्हतं, एकच गोष्ट येत होती. दुसऱ्या शनिवारी मी पुस्तक मिटलं, हाताची मूठ वर केली आणि ओरडले, “वॉट डू वी वॉन्ट?” मुलं घाबरली. मी बिस्किटांचा पुडा वर धरला. “स्नॅक! वॉट डू वी वॉन्ट?” तिसऱ्या वेळी अकरा घशांतून आलं, “स्नॅक!” “व्हेन डू वी वॉन्ट इट?” “नाऊ!” महिनाभरात माझी मुलं पाणी, खिडकी, क्रेयॉन, सगळं मोर्चानं मागायला लागली. मागे भिंतीला टेकून त्यांच्या आज्या बसायच्या, थर्मासमधलं गरम पाणी पीत, विणकाम करत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्या आम्हाला बघून गालात हसायच्या.

अकरा घसे म्हटलं, कारण बारावी मेई होती. सहा वर्षांची, कपाळावर सरळ कापलेले केस. ती बोलायची ती फक्त शेजारणीच्या कानात. मूठ वर करायची, तोंड उघडायची, आवाज नाही. तिचे वडील इथे कंपनीत होते, आजी तिला सांभाळायला आली होती. आई मात्र तिकडे चीनमध्ये, चेंगडूत अडकली होती, व्हिसाचा कागद कुठल्यातरी टेबलावर पडून होता म्हणून. सव्वा वर्ष. आजीला मेई ‘नायनाय’ म्हणायची, म्हणजे वडिलांची आई. मग आम्हीही सगळे नायनायच म्हणायला लागलो.

डिसेंबरच्या हॉलिडे शोसाठी लिनकाकूंनी यादी केली. ज्यांना चांगलं बोलता येतं त्यांना वाक्यं, बाकीच्यांनी झाडं व्हायचं. मेई झाड. मी पेटले. म्हटलं, “नो ट्रीज! जिला आवाज नाही तिला झाड करायचं, ही कुठली पद्धत?” लिनकाकू म्हणाल्या, “ट्री इज व्हेरी नाइस.” मी म्हटलं, “मग तुम्ही व्हा.”

शेवटी नाटुकलं मीच लिहिलं, आपल्या पथनाट्याच्या धर्तीवर. मुलं म्हणजे बर्फ. बर्फ घरोघरी जाऊन विचारतो, “इज एव्हरीवन होम?” घरातून आवाज येतो, “यस!” की बर्फ पडतो आणि सगळे ऊबेत झोपतात. शेवटच्या घरात मेई. ती म्हणते, “वेट! वन मोअर इज कमिंग!” आणि बर्फ वरच्या वर थांबतो. फ्रीमाँटमध्ये बर्फ कधी पडत नाही, पण ते जाऊ दे. मेईचे वडील व्हिडिओ काढून चेंगडूला पाठवणार होते. आईनं सव्वा वर्षात मेईचा आवाज फोनवर कुजबुजल्यासारखा तेवढा ऐकला होता. ते एक वाक्य स्टेजवरून मोठ्यानं निघावं, एवढंच मला हवं होतं. बाकीचं नाटक कोसळलं तरी चाललं असतं.

बर्फासाठी पोशाख काय? मला एका क्षणात सुचलं. पांढरे गजरे! वैदेही आणि मी चार दुपारी बसून टिश्यू पेपरची फुलं केली आणि सुईदोऱ्यानं ओवली. बारा गजरे, मुलग्यांनासुद्धा. समानता म्हणजे समानता. वैदेही म्हणाली, “अगं, बर्फ आहे की लग्नाचं वऱ्हाड?”

शोच्या आधीच्या शनिवारी रंगीत तालीम होती. मी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या केसात गजरा पिनांनी अडकवत गेले. पाचव्या-सहाव्या मुलाला मागे कुजबुज सुरू झाली. विणकाम थांबलं. मेईच्या डोक्यावर गजरा बसला तशी नायनाय उठली, थर्मास लवंडला, ती तरातरा पुढे आली, तिनं गजरा ओढून काढला, मुठीत चुरगाळला आणि मेईला हाताला धरून दाराबाहेर घेऊन गेली. बाकीच्या आज्याही पिना काढायला लागल्या होत्या.

मी लिनकाकूंवर उखडले. “व्हॉट इज धिस? फूल आहे ते! कागदाचं फूल!”

लिनकाकूंनी खाली पडलेली पिन उचलली. त्यांनी सांगितलं ते असं, की त्यांच्याकडे घरातलं माणूस गेलं की केसात पांढरं फूल खोचतात, सणासुदीला लाल. मुलीच्या डोक्यात पांढरं फूल दिसलं की लोक विचारत नाहीत, समजतात. “हर मदर इज नॉट डेड,” त्या म्हणाल्या. “हर मदर इज वेटिंग फॉर व्हिसा. यू सेंड हर धिस व्हिडिओ?”

मला लाज वाटायला हवी होती. पण मी अंधश्रद्धेवर तीन पत्रकं लिहिलेली बाई, मला राग आला. मी म्हटलं, “माझ्या देशात पांढरं फूल आनंदाचं असतं. बायका माळतात.”

“एव्हरीबडी?” लिनकाकूंनी विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी तोंड उघडलं आणि मेईसारखा आवाजच फुटेना. मग म्हटलं, “माय मदर, नो.”

“व्हाय?”

“माय फादर डाइड.”

“ओ,” त्या म्हणाल्या आणि माझ्या दंडावर थोपटलं. एवढंच. वाद घातला असता तर मी जिंकलेही असते.

घरी येऊन कॉलिंग कार्डावरून आईला फोन लावला. तिकडे रविवार सकाळ होती, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. आई सरकारी दवाखान्यात नर्स. ती आधी सगळं ऐकून घेते, मग सुई टोचते.

“त्या आजीला आधी विचारलंस?”

“अगं, बर्फाचा गजरा तो, त्यात विचारायचं काय?”

“म्हणजे नाही विचारलंस.”

“नाही.”

“चिकटवलंस.”

कार्डावरची मिनिटं जात होती. मग ती म्हणाली, “जा तिच्याकडे. आणि समजावू नकोस काही. नुसती जा.”

समजावायला भाषा होती कुठे? रविवारी मी उरलेले अकरा गजरे आणि एक नवीन पिशवीत घातले आणि तेव्हा पिशवीच्या तळाशी ती डबी हाताला लागली. कधी उघडलीच नव्हती. मेईच्या घराची बेल वाजवली तशी नायनायनं दार उघडलं, मला बघून तिचा चेहरा दगड झाला. मागे मेई. मी एका हातावर पांढरे गजरे धरले, दुसऱ्या हातावर डबी उघडून लाल कुंकू, आणि उभी राहिले. हे करू का, असं इंग्रजीत म्हणाले, मराठीत म्हणाले. तिनं डबीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं, वास घेतला. मग आत जाऊन तिनं एक मोठं पातेलं आणलं.

सिंकपाशी उभ्या राहून आम्ही गजरे रंगवले. मी भसाभस पाणी ओतत होते, नायनाय माझ्या हातावर चापट्या मारत होती. ती चिनीत रागवायची, मी मराठीत उत्तर द्यायचे, “अहो, भिजायला नको का नीट?” आणि मागून आवाज आला, स्पष्ट, वर्गातल्या कुठल्याही मुलापेक्षा मोठा:

“टीचर! नायनाय सेज टू मच वॉटर! यू आर डूइंग ऑल राँग!”

आम्ही दोघी वळलो. मेईला स्वतःलाच आश्चर्य वाटलेलं दिसत होतं. नायनायला वाक्य कळलं नव्हतं, पण आवाज कळला. ती ओल्या लाल हातांनी तशीच उभी राहिली.

शोच्या दिवशी बाराही डोकी लाल. लाल बर्फ कशाला, असं एका पालकानं विचारलं. मी म्हटलं, “आमच्याकडे असाच पडतो.” शेवटचं घर आलं. “इज एव्हरीवन होम?” मेई पुढे आली, तोंड उघडलं आणि आवाज नाही. वडिलांचा कॅमेरा चालू. मी पडद्याआडून ओठ हलवत होते. बर्फ वर हात करून थिजलेला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक चिरका आवाज आला. “वॉद्दू वी वान?”

नायनाय. उभी. मूठ वर. इंग्रजीचा एक शब्द न येणारी बाई तीन महिने भिंतीला टेकून माझ्या घोषणा ऐकत होती.

“स्नॅक!” अकरा बर्फ सवयीनं ओरडले. अख्खा हॉल हसला, मेईसुद्धा हसली, आणि त्या हसण्याच्याच श्वासात म्हणाली, “वेट! वन मोअर इज कमिंग!” मागच्या दारापर्यंत ऐकू गेलं. चेंगडूपर्यंत गेलं.

दिव्यांच्या उष्णतेनं मुलं घामेजली होती आणि बाराही कपाळांवर कुंकवाचे ओघळ आले होते. वैदेही माझ्या कानात म्हणाली, “बघ, मी म्हटलं नव्हतं वऱ्हाड?” नायनायनं मेईचं कपाळ पदरानं पुसावं तसं मफलरच्या टोकानं पुसलं आणि मग तेच टोक माझ्या गालाला लावलं. कुठेतरी माझ्याही लागलं होतं म्हणे.

मेईची आई पुढच्या उन्हाळ्यात आली. फुलाच्या रंगानं नाही, व्हिसाच्या शिक्क्यानं आली, हे मी ठणकावून सांगते. आणि मी बदलले असंही समजू नका. नवरा मेला म्हणून बाईच्या डोक्यातलं फूल काढणारी रीत मला आजही तेवढीच चीड आणते. ते पत्रक मी आजही शब्द न बदलता छापेन. फक्त ते कागदावर छापेन.

२००६ मध्ये मी पहिल्यांदा मिरजेला गेले. त्याच ट्रॅव्हल्सच्या ऑफिससमोर उतरले आणि कोपऱ्यावरून जाईचा गजरा घेतला. आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी गजरा केळीच्या पानासकट तळहातावर धरून तिच्यासमोर उभी राहिले, फ्रीमाँटला नायनायच्या दारात उभी होते तशीच.

“माळू का?”

आईनं पिठाचे हात तसेच धरून गजऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आज नको,” ती म्हणाली. “ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव. उद्या बघू.”

तुमच्यापैकी काही जणी विचारतात, आता घर कुठलं, इथलं की तिकडचं? मला एवढंच सांगता येतं. गजरा ओल्या फडक्यात गुंडाळून मी पाण्याच्या माठाशेजारी ठेवला, आणि लहानपणी झोपायचे त्या जागी जाऊन उद्याची वाट बघत पडले.