उलटे आटे

नवी मोटारसायकल घेताना सासऱ्यांना विचारलं नाही, ही माझी पहिली चूक. ती त्यांच्या कंपनीची नव्हती, ही दुसरी. सासरे इथल्याच एका मोटारसायकलच्या कारखान्यात सव्वीस वर्षं इंजिन लाइनवर होते. आमच्या पिंपरी-चिंचवडला लग्नपत्रिकेत मुलाच्या नावापुढे आधी कंपनी छापतात आणि जागा उरली तर शिक्षण. माझं स्थळ त्यांनी पसंत केलं तेसुद्धा मी त्यांच्या कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्यात होतो म्हणून. त्याच जावयानं दारात दुसऱ्याच कंपनीची गाडी आणून उभी केली.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "रंग बरा आहे." जावयाला याहून जास्त सुनावता येत नाही. लग्नापासून मला मिळालेलं एवढं एकच संरक्षण आहे आणि मी ते पुरेपूर वापरतो.

चिखलीहून निघोज्याच्या कारखान्यात रोज जाऊन-येऊन गाडीचे पाचशे किलोमीटर भरले, त्यातले निम्मे तळवड्याच्या चौकात पहिल्या गिअरवर. पहिलं ऑइल बदलायची वेळ आली. मी रीतसर सर्व्हिस सेंटरला फोन करून रविवारची वेळ घेतली, आणि बायकोनं ती बातमी रीतसर माहेरी पोचवली. रविवारी सकाळी आठ वाजता सासरे दारात. हातात कापडी पिशवी, पिशवीत लोखंडी पाने, ऑइलचा डबा, जुनं वर्तमानपत्र आणि कंपनीत असतानाचा निळा शर्ट. तो शर्ट त्यांनी आमच्या बाथरूममध्ये जाऊन बदलला. सव्वीस वर्षं ज्यानं इंजिनं बांधली त्याच्या घरची गाडी तेल बदलायला परक्याच्या दारात जाणार असेल तर बोलणंच खुंटलं, असं ते चहा पिताना भिंतीकडे पाहत म्हणाले.

मी तोंड उघडणार तेवढ्यात बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं. म्हणाली, त्यांना करू दे. रिटायर होऊन दीड वर्ष झालं, त्यांना कुणी काही विचारलेलं नाही. आधी शेजारपाजारचे लोक गाडीचा आवाज ऐकवायला घरी यायचे, आता मोबाइलवर बघून घेतात. भाऊसुद्धा विचारत नाही. आज सकाळी सहाला उठून त्यांनी पाने पुसलेत. तू मध्ये काही बोलू नकोस.

मी बोललो नाही. बोलायला माझ्याकडे काही होतं कुठे म्हणा! कारखान्यात मी क्वालिटीचे कागद सांभाळतो. कुठला बोल्ट किती आवळायचा, कशानं आवळायचा, आवळल्यावर कुठे सही करायची, याचे तक्ते मी टाइप करतो आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून मशिनवर लटकवतो. प्रत्यक्ष बोल्टला हात लावायचा प्रसंग माझ्यावर आला नाही. पण सासऱ्यांना वाटायचं, जावई क्वालिटीत आहे म्हणजे जाणकार आहे. मला वाटायचं, सासरे इंजिन लाइनवर होते म्हणजे सगळं येतं. असे दोन जाणकार सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरले.

पुठ्ठा अंथरून सासरे गाडीशेजारी आडवे झाले. मी जुनं घमेलं धरून बसलो. इंजिनच्या पोटाला खाली एक बोल्ट असतो, तो काढला की तेल खाली येतं. त्या बोल्टपाशी सासऱ्यांचा हात एकदम थांबला. मला वाटलं पाठीत उसण भरली. वाकून पाहिलं तर बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. "हितंबी ठिपका मारतात," ते म्हणाले. मग समजावून सांगितलं: बोल्ट नीट आवळला की आवळणाऱ्यानं रंगाचा ठिपका मारायचा, म्हणजे पुढच्याला कळतं. सव्वीस वर्षांतली शेवटची अकरा त्यांनी हेच केलं होतं. असंच इंजिन, असाच बोल्ट, आवळायचा आणि ठिपका मारायचा. एका शिफ्टला किती, ते त्यांनी सांगितलं नाही, पण मनगट हलवून दाखवलं.

दुसऱ्या कंपनीबद्दलचा त्यांचा राग त्या ठिपक्यापाशी जरा उतरला, हे मला दिसलं. मला बरंही वाटलं. त्या नादात त्यांनी पाना कधी लावला आणि कुठल्या बाजूला ओढला, इकडे माझं लक्ष गेलं नाही.

बोल्ट हलेना. "घट्ट बसवलाय," ते म्हणाले, आणि त्यात कौतुकच होतं. अजून जोर लावला. हलेना. मग मला शंका आली. मी वरून पाहत होतो, ते खालून ओढत होते, आणि उजवं-डावं कुणाचं धरायचं हेच मला कळेना. माझ्या तक्त्यात गोल बाण असतो. त्या बाणाच्या हिशोबानं सासरे बोल्ट काढत नव्हते, आवळत होते. पण माझा बाण कागदावरचा आणि त्यांचा हात अकरा वर्षांचा. जावयाला जितकं बोलता येतं तितकंच बोललो, की अण्णा, दुसऱ्या बाजूनं असेल का?

त्यांनी पुठ्ठ्यावरून माझ्याकडे पाहिलं. "उलटे आटे दिलेत या कंपनीनं," ते म्हणाले. "यांचं सगळंच उलटं."

आता बोल्टचे पीळच उलटे म्हटल्यावर काय बोलणार? जे खरं असू शकतं आणि मला माहीत नाही, त्याला मी मान डोलावतो, नोकरी तशीच टिकली आहे. सासऱ्यांनी पिशवीतून लोखंडी पाइपचा तुकडा काढला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि दोन्ही हातांनी ओढला. कट्ट झालं. "सुटला," ते म्हणाले. बोल्ट खरंच फिरायला लागला. फिरत राहिला. एक वेढा, दोन, चार. फिरायचा पण खाली यायचा नाही. पाचव्या वेढ्याला त्याच्या कडेनं तेलाचा एक थेंब आला आणि माझ्या घमेल्यात पडला. बोल्टचे नव्हे, इंजिनचे आटे गेले होते. महिन्याची गाडी.

सासरे उठून बसले. निळ्या शर्टाला धूळ लागली होती ती त्यांनी झटकली नाही. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू, चांगला सणसणीत आला होता. पण ते त्या पाइपच्या तुकड्याकडे असे पाहत होते की राग काढायला जागाच मिळेना.

सर्व्हिस सेंटरला तोंड दाखवायची आता सोय नव्हती, म्हणून गाडी ढकलत गॅरेजला न्यायची ठरली. मी हँडल धरलं, सासरे मागून घमेलं घेऊन चालायला लागले. फाटकाशी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. नवी गाडी ढकलताना पाहून त्यांच्या चेहऱ्यावर शेजाऱ्याला शोभेल तेवढं दुःख होतं. पेट्रोल संपलं का, त्यांनी विचारलं. सासरे चटकन हो म्हणाले. मीही हो म्हणालो. गाडी खालून ठिबकत होती, तिला कुणी विचारलं नाही.

गॅरेज कुदळवाडीच्या अलीकडे आहे. मेकॅनिक लातूरकडचा मुसलमान, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. त्यानं वाकून पाहिलं, बोल्टला बोटानं फिरवलं आणि सरळ विचारलं, कुणी हात लावला?

"मी," मी म्हणालो. "मला वाटलं, आटे उलटे असतील."

कशासाठी म्हणालो ते मलाही तेव्हा नीट कळलं नाही. बायकोची भीती हे एक कारण धरा. मेकॅनिकनं मला दहा मिनिटं झापलं. चांगले शिकलेले दिसता, नव्या गाडीला कशाला हात घालता, मोबाइलवर बघून इंजिन खोलता येतं का, आटे सरळ सुलटेच आहेत, लहान पोराला कळतं. सासरे बाजूला उभे होते. तिसऱ्या वाक्यापासून त्यांनी मान हलवायला सुरुवात केली. बरोबर आहे, बरोबर आहे. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या अपमानात मला सासऱ्यांची इतकी साथ मिळाली.

मेकॅनिकनं तेल काढून घेतलं, नवे आटे पाडले, आत धातूची बारीक वळी बसवली. तासभर गेला. सासरे स्टुलावर बसून पाहत होते. नवा बोल्ट हातानं बसवून मेकॅनिक पाना घ्यायला वळला, तेवढ्यात सासऱ्यांनी तो उचलला आणि काही न विचारता खाली बसून बोल्ट आवळला. एका दमात, जिथं थांबायचं तिथं थांबून. मेकॅनिकनं किती आवळलंय ते आपल्या मापाच्या पान्यानं पाहिलं, बरोबर मापात निघालं, आणि त्यानं भुवई वर केली.

"काका, कंपनीत होतात?"

सासरे हो म्हणाले. कुठल्या, ते सांगितलं. मग हातातला पाना उलटासुलटा करून पाहत राहिले. मेकॅनिकनं तेलाचा डबा उघडला.

"थांब, ओतू नको," सासरे म्हणाले. "आटे मी घालवलेत. जावई खोटं बोलतोय." मग पाना पुढे करून त्यांनी विचारलं, "खोलायचा कुठल्या बाजूनं, दाव मला. सव्वीस वर्सं लावत आलो. काढला एकबी न्हाई."

मेकॅनिक हसेल असं मला वाटलं, आणि तो हसला असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. तो हसला नाही. डबा खाली ठेवून त्यांच्याजवळ उकिडवा बसला. त्यांच्या मनगटावर हात ठेवून त्यानं पाना दुसऱ्या बाजूला वळवला. बोल्ट मुकाट्यानं सैल झाला. सासऱ्यांनी तो पूर्ण काढला, तळहातावर घेतला, परत लावला, परत काढला.

"तुमच्या कंपनीच्या गाड्या वीस वर्षं झाले खोलायलोय, काका," मेकॅनिक म्हणाला. "हा बोल्ट कधीच सैल नाही सापडला बघा. माझं मनगट गेलंय त्याच्यापायी."

सासऱ्यांनी त्याचं मनगट हातात घेऊन नीट पाहिलं. एवढे खूश झालेले ते मी आमच्या लग्नातही पाहिले नव्हते.