बोट बाहेर

माझा राग सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यामुळे मी रिव्हॉल्व्हर घेणार म्हटल्यावर चोरांपेक्षा माझ्या माहेरच्यांनाच जास्त धडकी भरली.

नवरा गेल्यापासून शिरोळकडच्या मळ्यातल्या घरात मी आणि सासूबाई दोघीच राहतो. एका सकाळी मी धारा काढत असताना मागच्या बाजूनं दोघे जण गोठ्यात शिरले. माझ्या गळ्यातली साखळी ओढली आणि मध्ये पडलेल्या सासूबाईंना ढकलून दिलं. त्यांचं मनगट मोडलं. पुढं कितीतरी दिवस मी त्यांना घास भरवत होते आणि डोक्यात एकच घोळत होतं, पुन्हा आले तर? त्याच्या मागोमाग आणखी एक भीती होती, ती कुणाला सांगितली नाही. हत्यार हातात आल्यावर माझ्या रागाचं काय करायचं?

परवान्यासाठी अर्ज केला. चौकशीला आलेले हवालदार म्हणाले, "शेजाऱ्यांचा जबाब घ्यावा लागतोय." तिथंच माझं अवसान गळालं. आमच्या मळ्याला शेजारी एकच, बांधापलीकडचे भाऊजी, आणि त्यांच्याशी सहा वर्षं बोलणं बंद. बांध कोरला म्हणून मी त्यांच्या अंगावर दुधाची किटली फेकली होती, तीही भरलेली. हा माणूस माझ्याबद्दल काय चांगलं सांगणार? पण बऱ्याच महिन्यांनी का होईना, परवाना आला. हवालदार जबाबाला गेले त्या दिवशी भाऊजी घरी नसणार, असं मी धरून चालले.

दुकानदारानं आधी माझ्या मागं कुणी पुरुष उभा आहे का ते बघितलं. मग मुकाट्यानं एक लहानसं रिव्हॉल्व्हर काढून माझ्यापुढं ठेवलं. लहान म्हणावं तर उचलताना मनगट खाली गेलं.

परवान्याआधी जुजबी प्रशिक्षण झालं होतं. खरं शिकवलं ते कोल्हापुरातल्या नेमबाजीच्या रेंजवर एका निवृत्त सुभेदारांनी. पहिले चार दिवस त्यांनी मला गोळी दाखवलीसुद्धा नाही.

"गोळीला काय घाई हाय, ताई? आधी बोट शिकवू."

बोट चापाच्या बाहेर, नळीच्या दिशेनं सरळ. रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं. शंभरदा तेच. माझं ते बोट इतकं ताठ राहायला लागलं की घरी आमटी ढवळताना सासूबाई म्हणाल्या, "ह्ये काय गं, आमटीला वाट दावतीस व्हय?"

पाचव्या दिवशी गोळ्या मिळाल्या, पण झाडलेली एकही निशाणाच्या कागदाला लागली नाही. मी चिडले. सुभेदारांनी शांतपणे माझ्या हातातून रिव्हॉल्व्हर काढून घेतलं. "राग आला की खाली ठिवायचं. च्या पिऊन या." काही दिवस तर मी सरावापेक्षा चहाच जास्त प्यायले. कुणी मला असं शांतपणे थांबवलं नव्हतं, त्याआधी लोक एकतर भांडायचे नाहीतर पळून जायचे.

खंडेनवमीला रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, दोनदा तपासलं आणि विळा-खुरप्यांशेजारी पाटावर ठेवलं. सासूबाईंनी बऱ्या झालेल्या हातानं त्याला हळद-कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, दिवेलागणीच्या सुमाराला मी पूजा उचलायला बसले आणि गोठ्यामागं पाचोळा वाजला. कुत्रं भुंकायला लागलं. मागच्या वाटेनं आमच्याकडं कुणी येत नाही. ते दोघे तेवढे आले होते.

मी पाटावरचं रिव्हॉल्व्हर उचललं आणि मागच्या दारात उभी राहिले. वैरणीच्या गंजीजवळ एक माणूस, हात पुढं केलेला.

"कोण हाय?"

मी रिव्हॉल्व्हर त्याच्यावर रोखलं. सासूबाईंचं ते मनगट डोळ्यांपुढं आलं आणि राग डोक्यात चढला. हत्यार रिकामं आहे हे मला आठवलंच नाही. त्या घटकेला माझ्या हातात ते भरलेलं होतं. पण बोट आत गेलं नाही. बाहेरच राहिलं, सरळ.

माणूस उजेडात आला. भाऊजी. हातात आपट्याची पानं.

"वैनी," ते म्हणाले, "सोनं द्यायला बांधावरनं आलतो."

मी रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं आणि उंबऱ्यावरच बसले. भाऊजींनी माझ्या हाताला लागलेलं कुंकू पाहिलं, मग पाटाकडं पाहिलं, आणि तेही समोर जमिनीवर बसले.

"हवालदार आलता, तवा मीच जबाब दिलाय. बाई तापट हाय, पर इचार सोडणारी न्हाय, द्या म्हटलं परवाना. आज मला खोटं पाडताय की काय वाटलं."

मला रडूच आलं. सहा वर्षं ज्याला मी वैरी समजत होते, त्यानं माझा भरवसा धरला होता, आणि मी स्वतः तेवढाही धरत नव्हते. मी ओंजळ पुढं केली, त्यांनी पानं ठेवली. सुभेदारांना तिथूनच मनातल्या मनात हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांध ओलांडून भाऊजींच्या दारात गेले. किटली भरलेलीच होती. या वेळी हातात दिली.