स्लेजच्या कुत्र्याला दही-साखर

ती गेल्यापासून भेटायला येणारे सगळे खालच्या आवाजात बोलतात. मी मान हलवतो, आणि मला नेमकी कुत्री आठवतात.

नव्वदीच्या दशकात आम्ही नवरा-बायको परदेशात, पापाटोएटोला राहायचो. मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट, ती तिथेच नर्स. लायब्ररीतून ध्रुवावरच्या सफरींची पुस्तकं आणून वाचायची मला सवय होती आणि आयुष्यात एकदा तरी कुत्र्यांची स्लेज आपल्या हाताने हाकावी, ही हौस. शेवटी एका जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, तिनेच साउथ आयलंडची तिकिटं काढली.

"उत्तर ध्रुव राहू दे," म्हणाली. "इथला बर्फही पांढराच असतो."

डोंगरावरचा स्लेजवाला त्या बर्फात हाफपँट घालून उभा होता. सपाटीवरचा एक फेरा तो मला हाकू देणार होता, स्वतः स्नोमोबाइलवरून मागे राहणार होता. नियम एकच : काही झालं तरी स्लेजच्या मागचा दांडा सोडायचा नाही.

मी दांडा धरणार, एवढ्यात तिने पिशवीतून दह्याचा डबा काढला. खालच्या डेअरीतून घेतलेलं दही आणि मोटेलमधल्या चहाच्या पुड्यांतली साखर.

"अगं, मी काय परीक्षेला बसतोय?"

"हात पुढे करा."

मी मुकाट्याने तळवा चाटला. मग ती सगळ्यात पुढच्या कुत्र्यापाशी वाकली.

"त्याला कशाला?"

"पळायचं त्याला आहे. तुम्ही नुसते मागे उभे राहणार."

बाकीच्या कुत्र्यांनी आकांत मांडला. स्लेजवाल्याने विचारलं, हे काय? शुभ असतं, असं तिने इंग्रजीत समजावलं. "स्वीट ॲज," म्हणजे तिकडच्या बोलीत 'झकास', म्हणत त्यानेही हातमोजा काढून तळवा पुढे केला.

दोन स्वेटर आणि कानटोपीसकट ती स्लेजमध्ये बसली. मी मागे उभा राहिलो. ब्रेक काढताच कुत्री सुटली.

"अहो, हळू!"

"मी काहीच करत नाहीये!"

खरंच करत नव्हतो. पण दांडा माझ्या हातात होता आणि पायाखालून बर्फ सरसरत होता. पळती कुत्री पळता पळताच सगळं उरकतात, एवढं मात्र कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या वळणावर चष्मा घसरला. तो सारायला एक हात सोडला आणि दुसरा आपोआप सुटला.

बर्फातून तोंड वर काढलं तर स्लेज पुढे चालली होती. तिची पाठ माझ्याकडे. कानटोपीत तिला काही ऐकू गेलं नसावं, कारण ती माझ्याशी बोलतच होती.

"छान चालवताय हो! मीच उगाच घाबरत होते."

स्नोमोबाइल शेजारी येऊन थांबली. मी धड आहे हे बघून स्लेजवाला म्हणाला, "कुत्र्यांना घर माहीत आहे. जाऊन सांगू तिला?"

"जरा थांब," मी म्हणालो.

ती मागे वळून बघेपर्यंत स्लेज मीच हाकत होतो.