डाव्या हाताचा लॅपटॉप

अर्धांगवायूनंतर आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा हात उठेना. पाटणच्या घरातल्या जुन्या लॅपटॉपवर मी त्यांच्यासाठी लिनक्स टाकलं आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप निवडला. लॅपटॉप झटपट चालायला लागला, पण डाव्या हातात माउस काही ठरेना. "ऱ्हाऊ दे रं," म्हणत आबांनी तो बाजूला सारला.

मग मी आयथ्री बसवला. त्यात खिडक्या आपोआप शेजारी शेजारी लागतात आणि सगळं काम कीबोर्डवरूनच होतं. आबा फौजेत होते. कवायत घोटावी तशी त्यांनी बटणं घोटली. एका सकाळी चहा घेऊन गेलो, तर ते डाव्या हातानं टाइप करत होते.

"काय लिवताय, आबा?"

"पलटणीतल्या दोस्ताला मेल. दिवाळीला सांगलीला येतुय म्हणून कळवतुय."