ट्रंक शेवटी उघडली

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

रविवारी फोनवर धाकटीने पुन्हा विचारलं, आईचं अक्षर कसं होतं, तिची एखादी वही पाठव ना. मी म्हणाले, शोधते. पूर ओसरल्यापासून हेच उत्तर मी तुम्हाला तीनदा दिलं आहे, आणि तिन्ही वेळा ते खोटं होतं. समोरासमोर सांगणं मला जमणार नाही, म्हणून लिहिते.

नीरेचं पाणी वाढतंय असं कळलं तेव्हा शेजारीण मला हाताला धरून चढावरच्या शाळेत घेऊन गेली. तुम्ही तिच्या शेळ्यांमागे धावायचात, ती. तिची मुलं माझ्याकडे इंग्रजी शिकली, म्हणून ती मला बाई म्हणते. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी परतलो. दारातच गुडघाभर गाळ होता आणि भिंतीवर माझ्या छातीइतक्या उंचीला तपकिरी रेघ. कोठीतली ज्वारी फुगून आंबली होती. तो वास अजून मधूनच येतो, नाहीतर मला तसं वाटतं.

मी कोरडा कागद मागून यादी केली. आधी गाळ, मग स्वयंपाकघर, मग धान्य, अंथरुणं, कपडे. तुमच्या आईची ट्रंक सगळ्यात शेवटी. तिच्यात तिच्या शाळेच्या वह्या होत्या, वसतिगृहातून आलेली पत्रं, फोटो, आणि शेवटच्या आजारात आवाज गेल्यावर तिने मला लिहिलेल्या चिठ्ठ्या. "खिडकी उघड." "आज बरं वाटतंय." अशा. मी प्रत्येक गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, दोऱ्याने बांधून, वर चिकटपट्टी लावली होती. त्यामुळे मी निर्धास्त होते.

शेजारणीने फावडं बाजूला ठेवलं. "बाई, आधी पेटी उघडा. भांडी काय, चार दिसांनी घासली तरी भांडीच."

मी तिला यादी दाखवली.

"ही यादी पुराला दावली व्हती का?" ती म्हणाली. मला राग आला. मी यादी घडी करून कमरेला खोचली, ती पुन्हा गाळ ओढू लागली.

आठवडाभर आम्ही घमेली भरभरून गाळ उसाच्या बांधावर टाकला. फरशी तीनदा धुतली, चुना मारला. घर हळूहळू घरासारखं दिसू लागलं आणि मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. मग ट्रंक उघडली. पिशव्यांमध्ये पाणी शिरलं होतं, आणि माझ्या गाठींनी ते बाहेर जाऊ दिलं नव्हतं. पहिली पिशवी कापली तेव्हा फरशीवर निळं पाणी सांडलं. ती तिची शाई होती. चिठ्ठ्यांचा लगदा झाला होता. शेजारणीने पदराने माझे हात पुसले आणि पानं सुटतात का पाहत संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ बसून राहिली.

फोटोंचा गठ्ठा घेऊन मी बारामतीला स्टुडिओत गेले. तिथल्या माणसाने तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, आजी, किती दिवस ओले होते? मी दहा दिवस म्हटलं. तीन-चार दिवसांत आणले असते तर निम्मे तरी सुटले असते, असं तो म्हणाला. त्याला ठाऊक नव्हतं तो काय सांगतोय ते. बसमध्ये सगळा वेळ गठ्ठा माझ्या मांडीवर होता.

त्या संध्याकाळी ताट वाढून घेतलं आणि काठावर बोट अडखळलं. तुमची आई बारा वर्षांची असताना आम्ही बारामतीच्या भांडीबाजारातून स्टीलची सहा ताटं घेतली होती. दुकानदार नावं घालायचं यंत्र घेऊन बसला, तर ही म्हणाली, माझं नाव मीच घालणार. तो हसला आणि यंत्र तिच्या हातात दिलं. सहाव्या ताटावर तिचा हात थरथरला आणि वेलांटी काठापर्यंत घसरली. दर सुट्टीत तुम्ही त्याच ताटांत जेवलात. नाव कुणी नीट वाचलं नसेल, मीसुद्धा नाही.

वह्या गेल्या, पत्रं गेली, चिठ्ठ्या गेल्या, फोटो गेले. हे सगळं माझ्या यादीमुळे गेलं. ताटं सहा होती, सहाही आहेत, आणि त्यांच्यावर तुमच्या आईचं अक्षर आहे.