समुद्र आणि शाळेचा दाखला

ज्या माणसाने लग्नाला नऊ वर्षं झाली तरी, ग्वाल्हेरात राहून, बायकोला शेजारच्या आग्र्याचा ताजमहाल दाखवला नव्हता, तो एका संध्याकाळी दफ्तरातून येतो आणि पायातले जोडे काढता काढता म्हणतो, "चल, मुलांना समुद्र दाखवून आणू." तुम्हीच सांगा, संशय येणार नाही? मला तर आला बुवा. कणकेचे हात तसेच धरून मी विचारलं, "कुणाला काय झालंय?" हे म्हणाले, "कुणाला काय व्हायचंय? तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं."

दिसतंच. मी दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघणारी बाई. सोनाराकडे एक दागिना झाळायला दिला, तर तो हातात परत पडेस्तोवर दुकानातून उठायची नाही. आता म्हातारपणी ग्वाल्हेरच्याच सिटी सेंटर वस्तीत मुलाकडे राहते, तर सून म्हणते, आई, तुम्ही लिफ्टवरही विश्वास ठेवत नाही. नाही ठेवत, जिना आहे ना!

पण तेव्हाचे दिवसच असे होते की भोळ्या माणसालाही संशय यावा. आधी संस्थान गेलं. मग मध्य भारत झाला. त्यात जरा कुठे बूड टेकतंय तोवर तोही मोडून नवा प्रांत करायचं ठरलं, आणि राजधानी भोपाळला. निम्मं सरकार आधीच दर उन्हाळ्यात इंदूरला जायचं, पण यांचं खातं ग्वाल्हेर सोडून कधी हललं नव्हतं. आता दिवाळीच्या सुमाराला फायली पेटाऱ्यांत भरून भोपाळला जाणार होत्या आणि फायलींच्या मागोमाग बाबूलोक. भोपाळात घरं नव्हती. एकेका खोलीत चार चार बाबू राहतील म्हणत. आमच्या माधवगंजात नळावर बायकांचं दुसरं बोलणंच नव्हतं, कुणाचा नवरा बायकोमुलांना बरोबर नेणार आणि कुणाचा त्यांना कुठे धाडून देणार. एकीला माहेरी धाडायचं ठरलं होतं, एकीला दिराकडे. मी यांना विचारलं, आपलं काय? हे म्हणाले, बघू.

माझे आईवडील कधीच गेले होते, भाऊ नाही. मला धाडायला जागाच नाही, म्हणून मी निर्धास्त होते. यांची एक थोरली बहीण होती खरी, पण ती पार तिकडे कोकणात, रत्नागिरीच्या अलीकडच्या एका बंदरावर. आणि हे समुद्र बघायला न्यायचं म्हणत होते ते तिच्याकडेच.

निघायच्या आदल्या दिवशी घरमालकीण जिन्यात भेटली. म्हणाली, "सुना है, कमरे छोड़ रहे हो?" मी घरात येऊन यांना विचारलं. हे म्हणाले, "तिला कमी ऐकू येतं, काहीतरी भलतंच ऐकलं असेल." कमी? त्या बाईला मागच्या गल्लीत कुणी फोडणी दिली तरी ऐकू यायची. कुणावर संशय आला की लगेच भांडू नये, मुद्देमालासकट धरावं, असं माझं मत आहे.

मुंबईपर्यंत गाडी, मग भाऊच्या धक्क्यावरून आगबोट, आणि बंदर आलं की बोट लांब पाण्यात उभी, माणसांना होडीत उतरवायचे. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाचाची. होडीत तिने ओंजळभर पाणी तोंडात घातलं आणि थुंकून ओरडली, "आई, इसमें नमक किसने डाला?" होडीतली माणसं हसली. मीही हसले असते, पण माझी नजर यांच्यावर होती. ट्रंक हे एकटेच उचलत होते. हमालाला हात लावू देत नव्हते.

वन्सं किनाऱ्यावर उभ्या होत्या. मी त्यांना लग्नात एकदाच पाहिलेलं. उंच, काळ्यासावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांची हकिकत आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होती, पण कुणी मोठ्याने बोलायचं नाही. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात वाढलेली मुलगी, कोकणात दिली. नवरा मुंबईत नोकरीला. लग्नानंतर तो त्यांना गावी आपल्या आईवडिलांजवळ ठेवून गेला, खोली मिळाली की बोलावतो म्हणाला. वीस वर्षं झाली होती. सासूसासरे याच बाईच्या हातचं पाणी पिऊन वारले. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर यायची, माणूस मात्र कधी आला नाही. मुंबईत त्याने दुसरं बिऱ्हाड केलंय असं लोक म्हणायचे.

त्यांनी मुलांना असं उराशी धरलं की मी पुढे होऊन मुलीचा हात धरून ठेवला. घरी गेलो तर पडवीत कोरा करकरीत झोपाळा. मधली खोली सारवून, माळ्यावरच्या दोन गाद्या ऊन दाखवून घातलेल्या. दहा दिवसांच्या पाहुण्यांसाठी कुणी झोपाळा बांधून घेतं का हो?

तिसऱ्या दिवशी हे मुलांना घेऊन समुद्राच्या पुळणीवर गेले आणि मी ट्रंकेत यांचं धोतर शोधायला बसले. खरं सांगते, धोतर वाळत होतं, मला ठाऊक होतं. तळाशी एक जाड लिफाफा होता. आत मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला! तिसरी उत्तीर्ण, वागणूक उत्तम, आणि शाळा सोडण्याच्या कारणासमोर हिंदीत लिहिलेलं, 'स्थान परिवर्तन'.

मी तिथेच भिंतीला टेकून बसले. भोपाळला जायचं दिवाळीला. तोवर मुलाने लश्करच्याच शाळेत जायचं. मग मे महिन्यात दाखला कशाला काढला, आणि काढला तर समुद्रावर कशाला आणला? शेंबड्या पोरालाही कळलं असतं. हा माणूस मला आणि मुलांना इथे टाकून जाणार होता. पावसाळ्यात बोटी बंद होतात. एकदा का यांची बोट गेली की मी या बंदरावर, मुलं वन्संच्या पदराखाली, आणि मग माझं कपाळ.

लिफाफा होता तसा ठेवला. त्यानंतर मी समुद्र पाहिलाच नाही म्हणा ना. मुलं शिंपले वेचत होती, हे धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पोरीला लाटांवर उड्या मारायला शिकवत होते, आणि मी वाळूत बसून यांच्या पाठीकडे बघत होते. इतकं हसताना मी यांना कधी पाहिलं नव्हतं. चोर आहे, म्हणत होते मनात. हौस फेडून घेतोय, कारण पुढे पोरं दिसायची नाहीत.

गावातले शाळामास्तर रस्त्यात भेटले, मुलाच्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "काय रे ग्वाल्हेरकर, चौथीत ना?" त्यांना कुणी सांगितलं? वन्सं तर मुलीला जवळ बसवून म्हणायच्या, "हिंदी बोल गं माझ्याशी. इथे वीस वर्षांत कुणी बोललं नाही." ती चुरुचुरु बोलायची आणि वन्सं 'हाँ जी, हाँ जी' करत तिला आंब्याच्या फोडी भरवायच्या. तीन दिवसांत माझी पोर माझ्या हातचं जेवेनाशी झाली. मला वाटे, हिचा डाव बघा कसा साधा, बिनबोभाट. मुलं आधी आपल्याकडे वळवायची, म्हणजे आईला रडायलाही कुणी उरू नये.

सातव्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी मागच्या दाराशी चटई टाकून झोपेचं सोंग घेतलं. अंगणात वन्सं हाताला तेल लावून फणसाचे गरे काढत होत्या. हे शेजारी बसले होते.

"ताई, भोपाळात खोली मिळेस्तोवरच. चार महिने. फार तर सहा. मग बोलावतो ना."

वन्संनी हातातला गरा परातीत टाकला. म्हणाल्या, "वहिनीला सांगितलंस?"

"निघताना सांगेन. आधी सांगितलं तर तमाशा करेल."

वाटलं उठावं आणि तिथल्या तिथे करून दाखवावा तमाशा. पण हे उठून बंदरावर तिकिटाची चौकशी करायला गेले, एका तिकिटाची, आणि मी सरळ वन्संच्या समोर जाऊन उभी राहिले.

"वन्सं, मी सगळं ऐकलंय."

"ठाऊक आहे मला," त्या गऱ्यांतली आठळी काढत म्हणाल्या. "झोपलेलं माणूस इतका वेळ एका कुशीवर राहत नाही."

मग माझा तोल गेला. नाही नाही ते बोलले मी. "तुमचा संसार झाला नाही म्हणून माझा मोडायला निघालात? आयती पोरं हवीत होय तुम्हाला?" बोलून गेले आणि जीभ चावली, पण शब्द काही परत घेता येत नाहीत.

वन्सं चिडल्या नाहीत. चिकाचे हात तसेच धरून म्हणाल्या, "मुलांना इथे ठेवतो असं त्याचं पत्र आलं तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? मास्तरांना मीच जाऊन सांगितलं, आमचा मुलगा येणार म्हणून. पण आत्ता तो चार महिने म्हणाला ना, ते मला ऐकवलं नाही गं. आमच्या ह्यांनी याच अंगणात अगदी असंच म्हटलं होतं." मग म्हणाल्या, "तू सामान भरून ठेव. त्याला एक अक्षर बोलू नकोस. तू भांडलीस तर तो हट्टाला पेटेल. भाऊ आहे माझा, मी ओळखते."

विश्वास बसला असेल माझा? छे! मला वाटलं, हिने मला गप्प बसवायची युक्ती काढली. पुढचे तीन दिवस मी मुलांना नजरेआड होऊ दिलं नाही. बोट असेल त्या दिवशी पोरांना काखोटीला मारून पाण्यात शिरायचं आणि होडीची कड धरून बोंब मारायची, इथवर मी ठरवलं होतं.

बोटीच्या दिवशी सकाळी यांनी आपली एकट्याची वळकटी बांधली. ट्रंक जागची हलवली नाही. घसा खाकरून म्हणाले, "अगं, जरा बस. तुझ्याशी बोलायचंय."

तेवढ्यात वन्सं बाहेर आल्या. म्हणाल्या, "बोलणं बोटीत करा. वहिनी, ये, पाटावर बस." बघते तर पडवीत पाट मांडलेला, आणि शेजारच्या तीन बायका येऊन बसलेल्या. वन्संनी मला हळदकुंकू लावलं, पदर पसरायला लावला आणि माझी ओटी भरली. पाच मुठी तांदूळ, नारळ, हिरवा खण. आमच्याकडे निघालेल्या बाईची अशी ओटी भरली की मग तिला थांब म्हणत नाहीत. अशुभ मानतात. वन्सं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुखाने जा. भोपाळात बिऱ्हाड मांड. खोली लहान असली तर जवळजवळ झोपा." मग भावाकडे वळून म्हणाल्या, "ट्रंक मागच्या दाराने बैलगाडीत चढवलीय मी. चार तिकिटं काढ."

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शेजारणी बघत होत्या. एकजण तर कौतुकाने म्हणाली, "बरं झालं हो, सगळीच बरोबर जाताय." यांनी वळकटी उचलली. मग गाडीत जाऊन बसले.

मी वाकून नमस्कार केला तेव्हा रडू आवरेना. वन्संच्या पायांवर डोकं ठेवून म्हटलं, "माफ करा मला. दिवाळी होऊ दे, तुम्हाला भोपाळला बोलावते. माझ्याजवळ राहा." आणि ते मी अगदी मनापासून म्हटलं होतं. बंदरावर वन्संनी मुलीला उचलून होडीत दिलं. स्वतः गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, लुगडं भिजलं तरी मागे सरल्या नाहीत.

हे इटारसीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. दिवाळीपर्यंत लश्करच्या जुन्याच खोल्यांत काढलं, मग भोपाळात खरोखरच एका खोलीत मधे चादर बांधून आम्ही आणि दुसरं एक कुटुंब असे राहिलो. मुलं आजारी पडली, त्या दुसऱ्या बाईशी माझे सारखे खटके उडायचे. पण नवरा संध्याकाळी घरी यायचा. मला तेवढं पुरे होतं.

दोन वर्षांनी सरकारी दोन खोल्या मिळाल्या. हेच आपण होऊन म्हणाले, "ताईला बोलवू या का आता?" मी म्हटलं, बघू. पुढच्या वर्षी पुन्हा म्हणाले. मी म्हटलं, मुलांच्या परीक्षा होऊ दे.

कारण सांगू? मला त्या आंब्याच्या फोडी आठवायच्या. जिने दहा दिवसांत माझी पोर आपलीशी केली, ती कायमची घरात आली तर माझं काय उरेल? आणि घर सांभाळायला बहीण आहे म्हटल्यावर यांच्या डोक्यात पुन्हा काय येईल, कुणी सांगावं? ज्या बाईने माझा संसार वाचवला तिच्यावरच मी संशय घेत बसले. लाज वाटते सांगायला, पण झालं ते असंच.

दर दिवाळीला मी त्यांना पत्र लिहायची. यंदा नाही जमलं, पुढच्या खेपेला नक्की बोलावते. त्यांचं उत्तर यायचं, सवडीने बोलाव, मला घाई नाही. सातव्या दिवाळीला उत्तर आलं ते मास्तरांच्या अक्षरातलं कार्ड. वन्सं श्रावणातच गेल्या होत्या, कळवायला आमचा पत्ता सापडला नव्हता. माझं पत्र आलं तेव्हा त्यावरून मिळाला.

त्यांच्या नवऱ्याने बोलावतो असं त्यांना एकदाच सांगितलं होतं. मी सात वेळा लिहून दिलं.