छावणीतल्या हौसाबाई आणि त्यांच्या दोघी

अरुणा जांभळाच्या झाडावरून पडली तेव्हा सहा वर्षांची होती. दिल्ली छावणीत जवानांच्या क्वार्टरांमागे ते झाड होतं. तिचा हात कोपराखाली वाकडा झालेला बघून तिच्या आईने, हौसाबाईंनी, तिला तशीच कडेवर घेतली, शेजारणीकडून नवऱ्याला निरोप धाडला आणि लष्करी रुग्णालयाची वाट धरली. हवालदार शहाजी फडतरे परेडवरून गणवेशातच धावत आले.

हे १९७५ सालातलं. खटाव तालुक्यातल्या गावाहून हौसाबाईंना दिल्लीत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. हिंदी कळायची, पण बोलायला तोंड उघडत नसे. शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि तेही वापराविना गंजलेलं. रुग्णालयातल्या बाकावर त्या अरुणाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी थोरली सरला, वय दहा, आईच्या पदराचं टोक धरून होती.

आतून एक तरुण बाई आली. हिरवट रंगाची साडी, खांद्यावर तीन तारे, हातात कागद. शहाजी ताडकन उठले, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. "जय हिंद, साहब!"

बाईंनी मान हलवून सॅल्यूट घेतला आणि अरुणाचा हात तपासायला वाकल्या. हौसाबाई क्षणभर पोरीचा हात विसरून नवऱ्याकडे बघत राहिल्या. घरात ज्याच्यासमोर आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती, तो माणूस एका पंचविशीतल्या पोरीसमोर ताठ उभा होता.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "अहो, कोण होती ती?"

"कॅप्टन विजयालक्ष्मी. मद्रासकडच्या आहेत. डॉक्टर."

"बाईला सॅल्यूट मारावा लागतो?"

"बाईला नाही मारत. हुद्द्याला मारायचा असतो."

"पण हुद्दा बाईच्याच खांद्यावर होता की," हौसाबाई म्हणाल्या.  सरला दाराशी बसून ऐकत होती.

प्लास्टर काढायच्या दिवशी हौसाबाई मुद्दाम सरलालाही घेऊन गेल्या. सरला मुळातच अबोल. त्यात शाळेत एकदा ती 'मेरी किताब'ऐवजी 'मेरा किताब' म्हणाली आणि सगळा वर्ग खिदळला. तेव्हापासून वर्गात तिने तोंड उघडलं नव्हतं. बाई प्रश्न विचारायच्या, हिला उत्तर यायचं, आणि ही जमिनीकडे बघत उभी राहायची.

अरुणाचं प्लास्टर निघालं. कॅप्टनबाई हात धुवायला वळल्या तेव्हा हौसाबाईंनी मनातल्या मनात जुळवून ठेवलेलं वाक्य एकदम बोलून टाकलं, "मेरी लडकी आप के जैसी कैसे होगी?"

बाई थांबल्या. हसल्या नाहीत. सरलाला विचारलं, "क्या पढ़ती हो?" सरला जमिनीकडे बघत राहिली. मग त्या हौसाबाईंकडे वळून म्हणाल्या, "रोज़ पढ़वाइए. कुछ भी, किसी भी भाषा में. लेकिन ज़ोर से. और ग़लती करे तो टोकिए मत, रुकने भी मत दीजिए."

हौसाबाईंनी हे एखाद्या औषधासारखं घेतलं. दिवसातून एकदा, नेमाने.

पण वाचायचं काय? पलटणीच्या वाचनखोलीत मराठी पुस्तकांचं एक कपाट होतं, फारसं कुणी न उघडलेलं. शहाजी तयार होईनात. "लोक काय म्हणतील? हवालदार गोष्टीची पुस्तकं घेऊन निघालाय!"

"पोरीसाठी नेतोय म्हणून सांगा. त्यात लाजायचं काय?"

पहिलं पुस्तक त्यांनी शर्टाच्या आत लपवून आणलं. चौथं-पाचवं मात्र हातात धरून, सरळ रस्त्याने.

संध्याकाळी हौसाबाई भाकरी थापायच्या आणि सरला समोर बसून वाचायची. दिल्लीत शिकणाऱ्या पोरीचं मराठी अर्धंच होतं. "आई, माजघर म्हणजे?" "सारवणं म्हणजे काय करतात?" "सुगी?" हौसाबाई पिठाच्या हातांनी हवेत घर काढून दाखवायच्या, शेणाचा हात भुईवर कसा फिरतो ते दाखवायच्या. आजवर त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. आता पोरगी वाचत होती आणि त्या अर्थ सांगत होत्या. सरला अडखळली की त्या काही बोलायच्या नाहीत. भाकरी उलटायच्या आणि वाट बघायच्या. फारच वेळ झाला तर म्हणायच्या, "हां, पुढं वाच." एवढंच. अरुणा तिथेच लोळत असायची. ऐकून ऐकून तिला गोष्टी पाठ झाल्या आणि शाळेत जायच्या आतच ती अक्षरं जुळवू लागली.

हौसाबाईंना आणखी एक खोड लागली. बाहेर पडलं की त्या कामावरच्या बायका हेरायच्या. टपाल कार्यालयाच्या खिडकीमागची, बँकेतली, टेलिफोनवाली, शाळेची मुख्याध्यापिका. नुसतं बघून थांबायच्या नाहीत, मोडक्या हिंदीत सरळ विचारायच्या, "आप कितना पढ़ी? घर में किसने पढ़ाया?" पोरी लाजेने अर्ध्या व्हायच्या.

"आई, प्लीज चल ना! काय विचारतेस लोकांना!"

"का? चोरी केलीय का मी? बघ, टपालवाली बाई विधवा आहे. दोन पोरं सांभाळून मॅट्रिक केलं तिनं. हे तुमच्या पुस्तकात आहे का?"

सरला सातवीत असताना सकाळच्या प्रार्थनेनंतर बातम्या वाचायची तिची पाळी आली. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा तोंड लाल झालं होतं.

"दोन चुका झाल्या," ती म्हणाली. "मागची मुलं हसली."

"मग?"

"मग काय? थांबले नाही. शेवटपर्यंत वाचलं."

हौसाबाईंनी त्या दिवशी शिरा केला. कशाबद्दल, ते शहाजींना सांगितलं नाही.

१९७९ मध्ये शहाजींची बदली सरहद्दीवर झाली. तिकडे कुटुंब नेता येत नव्हतं. क्वार्टर सोडायचं आणि बायकापोरांना गावी पोचवायचं, असा रिवाज. त्याच आठवड्यात धाकट्या दिराच्या हातचं पत्र आलं. सासूबाईंनी लिहवून घेतलं होतं: सरलेला पंधरावं लागलं आहे, स्थळ चांगलं आलं आहे, पोरगी घेऊन या.

शहाजी पत्र घडी घालून म्हणाले, "आईचं काही चुकीचं नाही. दोन वर्षांनी करायचंच आहे."

"दोन वर्षांनी ती दहावी होईल."

"दहावी होऊन काय करणार?"

"अकरावी."

शहाजी चिडले. दोन दिवस घरात नीट जेवण झालं नाही. निघायच्या आदल्या दिवशी ट्रंक भरताना ते एकदम म्हणाले, "ज्यांचे नवरे पुढं सरहद्दीवर जातात त्यांच्यासाठी वेगळी क्वार्टरं असतात. मिळणं अवघड. मी अर्जावर सही करून ठेवली आहे. मिळालं तर राहा. नाही मिळालं तर गावी जायचं, मग तक्रार करायची नाही."

"कबूल," हौसाबाई म्हणाल्या.

क्वार्टरांच्या कार्यालयात त्या दोनदा जाऊन आल्या. हेडक्लार्क दोन्ही वेळा मान वर न करता म्हणाला, "लिस्ट बंद है." घर रिकामं करायला बारा दिवस उरले होते. तिसऱ्या खेपेला शाळेला सुट्टी होती म्हणून सरला बरोबर गेली.

आई क्लार्कला विनवत होती आणि सरला भिंतीवरच्या फलकासमोर उभी होती. तिथे हिंदीत आणि इंग्रजीत कागद टाचलेले. अशा कागदांकडे कुणी बघत नाही. सरलाने हिंदीतला एक कागद पूर्ण वाचला, मग पुन्हा वाचला, आणि आईच्या पदराला हात लावला.

"आई, इथं लिहिलंय. ज्यांची मुलं नववी ते बारावीत आहेत त्यांचे अर्ज वर्षभर घेतले जातील."

क्लार्कने ऐकलं. "अरे बेटी, वो पुराना काग़ज़ है."

सरलाने आईकडे बघितलं. मान पुन्हा जमिनीकडे वळायला लागली होती. हौसाबाई म्हणाल्या, "पुढं वाच. मोठ्यानं."

सरलाने वाचलं. पहिलं कलम, दुसरं, मग खालची तारीख. तारीख त्याच महिन्याची होती. तिचा आवाज सुरुवातीला फाटला, मग लागला, आणि आतल्या खोलीपर्यंत पोचला. दार उघडून एक पांढऱ्या दाढीचे सरदारजी कर्नल बाहेर आले.

"कौन पढ़ रहा है?"

"मैं, सर."

"किसने कहा पढ़ने को?"

"पढ़ने के लिए ही लगाया है ना, सर?" सरला म्हणाली.

ती उद्धटपणे म्हणाली नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.  कर्नलांनी क्लार्कसमोर हात पुढे करून अर्ज मागून घेतला, तिथेच उभ्या उभ्या वाचला आणि त्यावर दोन ओळी लिहिल्या.

क्वार्टर मिळालं ते आठव्या दिवशी. छावणीच्या पार टोकाला, एक खोली, पत्र्याचं छप्पर, नळ बाहेर. जून महिन्यात आत बसवत नसे. हौसाबाईंनी दोन पोरींच्या मदतीने सामान हातगाडीवर घालून नेलं आणि त्या संध्याकाळी सासूबाईंना पत्र लिहिलं. आजवर त्या सांगायच्या आणि दुसरं कुणी लिहायचं. हे पत्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, अरुणाकडून दोन वेलांट्या विचारून घेत: "आत्याबाई, साष्टांग नमस्कार. सरला दहावी होईपर्यंत आम्ही इथेच राहतो. पुढे अकरावी बारावी आहे. तब्येतीस जपावे." सासूबाईंचं उत्तर वर्षभर आलं नाही.

शहाजी तीन वर्षांनी परत आले, पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाले. कुटुंब दिल्लीतच, मुनिरका भागात भाड्याच्या दोन खोल्यांत आलं. सरला बीए झाली, सरकारी नोकरीची परीक्षा दिली, पहिल्या खेपेला नापास झाली, दुसऱ्या खेपेला पास होऊन एका मंत्रालयात लागली.

आता हौसाबाईंचा सगळा जीव अरुणावर. अरुणा डॉक्टर होणार हे त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. अरुणाला गुणही तसे पडले. सरलाने वैद्यकीय प्रवेशाचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला. अरुणाने तो परत केला.

"मला नाही बसायचं परीक्षेला. मला भूगोल घ्यायचाय."

हौसाबाईंना आधी ती चेष्टा वाटली. "भूगोल? त्यात काय शिकायचं? जग असतंय तिथंच असतंय की."

"आई, मला नकाशे काढायचेत. डॉक्टर तुला व्हायचं होतं, मला नाही."

हौसाबाई उठून आत गेल्या. आठ दिवस त्या अरुणाशी बोलल्या नाहीत. पोरीने उलटून बोलल्याचा राग नव्हता; मोठ्याने बोलायला त्यांनीच तर शिकवलं होतं. लागलं होतं ते तिचं म्हणणं. खरं होतं म्हणून लागलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी अरुणा फरशीवर मोठा कागद पसरून बसली होती. हौसाबाई पाणी प्यायला आल्या आणि थबकल्या. कागदावर गाव होतं. ओढा, देऊळ, माळ, त्यांचं घर.

"आठवतंय तसं काढलंय," अरुणा मान वर न करता म्हणाली.

 हौसाबाईंना राहवलं नाही. "विहीर तिथं नाही. वरच्या अंगाला आहे, चिंचेपाशी."

अरुणाने खोडलं आणि वर काढलं. "आणि तुझं माहेर?"

"ते कागदाच्या बाहेर गेलं. आणखी कागद लाव."

त्या खाली बसल्या. पाणी प्यायचं राहून गेलं. माहेरचं गाव आलं, पाणंद आली, टेकाड आलं. मग हौसाबाईंनी पाणंदीच्या शेवटी बोट ठेवलं. "इथं मोठी शाळा होती. पाचवीपासूनची. लांब पडते म्हणून मला पाठवलं नाही."

अरुणाने पट्टी लावली, वडिलांना विचारून अंतराचा हिशेब जुळवला. "आई, अडीच किलोमीटर."

"एवढंच?"

"एवढंच."

 छावणीतून रुग्णालयात हौसाबाई अरुणाला कडेवर घेऊन याहून लांब चालल्या होत्या. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "भूगोलाचा फॉर्म कधी भरायचा?"

अरुणा एमए झाली, नकाशांच्या कामात शिरली, डोंगरात मोजणीला जाऊ लागली. तिथून ती आईला चार ओळींची पत्रं पाठवायची आणि हौसाबाई तिच्याहून मोठं उत्तर लिहायच्या. सरला मंत्रालयात वर चढत गेली. लग्न तिने बत्तिसाव्या वर्षी केलं, आपल्या पसंतीने. हौसाबाईंच्या सासूबाई तोवर थकल्या होत्या, नातजावयाला बघून म्हणाल्या, "उशीर केला, पण माणूस बरा आहे."

शहाजी आणि हौसाबाई आता मयूर विहारमध्ये सरलाच्या सोसायटीत, खालच्या मजल्यावर राहतात. रविवारी अरुणा आली की दोघी बहिणी सरकारी धोरणापासून आमटीतल्या गुळापर्यंत सगळ्यावर भांडतात, आणि हौसाबाई तिसरी बाजू धरतात. शहाजी वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जातात.

"या घरात कुणी कुणाचं ऐकतच नाही," हौसाबाई शेजारणीकडे तक्रार करतात, आणि आतून कुणी चुकीचं काही बोललं की वाक्य अर्धं टाकून लगबगीने परत जातात.